सायलेन्सरच्या आवाजावरून दोषनिदान (मोटारसायकल)

कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा बसवल्यावर किंवा आतली पुंगळी (आवाज दाबणारी नळी) काढल्यावर गाडीचा आवाज बदलतो. त्या आवाजातला साहजिक भाग कोणता आणि बिघाडाची खूण कोणती, हे ओळखण्याची ही पद्धत आहे. पुण्यात नाना पेठेच्या स्पेअर पार्ट बाजारातून आणलेला पाईप गाडीवर चढतो आणि पुढच्याच आठवड्यात ‘गाडी फटाके मारतेय’ अशी तक्रार गॅरेजमध्ये येते. अशा वेळी आवाज कसला आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी विचारायला हवे. इंजिन थंड असताना की गरम, चढावर की उतारावर, थ्रॉटल उघडताना की सोडताना, एवढे नीट कळले तर निम्मे निदान होते.

फटाके बहुधा थ्रॉटल सोडल्यावर वाजतात. सासवडहून येताना दिवेघाट गिअरमध्ये उतरला की ते स्पष्ट ऐकू येतात. मागचे चाक इंजिनाला फिरवत असते, आत हवा फार कमी जाते, मिश्रण धड पेटत नाही आणि न जळलेले पेट्रोल पाईपमध्ये उतरते. तिथे त्याला ताजी हवा मिळाली की ते तापलेल्या पाईपमध्ये पेट घेते. ही हवा मुख्यतः दोन वाटांनी येते. एक वाट म्हणजे हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि बेंड पाईप (हेडमधून निघून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाईप) यांचा सैल जोड. दुसरी म्हणजे प्रदूषण कमी करण्यासाठी कंपनीनेच दिलेला, एक्झॉस्ट पोर्टमध्ये हवा सोडणारा व्हॉल्व्ह. त्या व्हॉल्व्हची नळी क्षणभर चिमटून फटाके थांबले तर हवा तिथूनच येत होती आणि मोकळ्या पाईपमुळे ती नुसती ऐकू येऊ लागली आहे, असे समजावे. नळी कायमची बंद करून टाकणे हा उपाय नव्हे. त्याने प्रदूषण वाढते. कार्बोरेटरच्या गाडीत पायलट जेट (कमी थ्रॉटलवर पेट्रोल पुरवणारे बारीक छिद्र) कमी पडत असेल तरीही फटाके येतात. तेव्हा स्पार्क प्लग काढून पाहावा. त्याचे टोक पांढरे पडले असेल तर पेट्रोल कमी, काजळलेले असेल तर जास्त आणि बिस्किटी रंगाचे असेल तर मिश्रण ठीक. कार्बोरेटरच्या तोंडातून उलटा येणारा बार मात्र वेगळा असतो. त्याचे कारण इनटेक, व्हॉल्व्ह किंवा इग्निशन टायमिंगमध्ये शोधावे.

सगळ्यात जास्त फसवणारा आवाज म्हणजे थंड इंजिनाची टकटक. ऐकणारा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) म्हणतो, पण बऱ्याचदा तो हेडजवळच्या जोडातून होणारा लीक असतो. गास्केट (जोडातली सील करणारी चकती) एकदा दाबली गेली की पुन्हा तशी बसत नाही, आणि नवा पाईप नेमका जुन्याच गास्केटवर चढवलेला असतो. लीकची टकटक इंजिन तापल्यावर, धातू फुगून फट मिटल्यावर, कमी होते. लोड आला की वाढते. जोडाभोवती काळी काजळी दिसते. खात्रीसाठी जाड हातमोजे घालून, ओला फडका पाईपच्या तोंडावर दोन सेकंद धरावा. पाईपमधला दाब वाढतो आणि लीक मोठ्याने फुसफुसू लागतो. टॅपेटच्या आवाजात काही फरक पडत नाही. थंड इंजिन सुरू करून लगेच जोडावर साबणाचे पाणी लावले तर बुडबुडेही दिसतात.

इंजेक्शनच्या गाडीत हा लीक निव्वळ आवाजावर थांबत नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बाहेरची हवा आत ओढली गेली की सेन्सरला पेट्रोल कमी असल्याचा भास होतो. मग ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) पेट्रोल वाढवते आणि ॲव्हरेज घसरते.

सायलेन्सरमधले ग्लास वूल (आवाज शोषणारी काचेच्या तंतूंची लोकर) जळून गेले की आवाज रिकाम्या डब्यासारखा होतो. खडखड येत असेल तर थंड सायलेन्सरवर मुठीने ठोकावे. आत काही हलले तर तुटलेली जाळी किंवा फुटलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग). नाही तर हीट शील्ड आणि माउंटिंगचे बोल्ट पाहावेत.

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकला टॅपेटच नसतात. तिथे टकटक आली तर पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉडच्या वरच्या बेअरिंगकडे वळावे. कमी थ्रॉटलवर ती एक सोडून एक फायर करत असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त झाले आहे.

नव्या दुचाकीसाठी उत्पादनाच्या वेळची आवाजमर्यादा ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८० डेसिबल आहे. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेमध्ये वाहनांच्या अशा चाचण्या होतात. रस्त्यावर कर्कश सायलेन्सर लावणे मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पुण्यात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडले आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी मोठ्या आवाजाचा खरा तोटा चालवणाऱ्यालाच होतो: टायमिंग चेनची खळखळ किंवा बेअरिंगची घरघर त्याला ऐकूच येत नाही.

म्हणून शंका आली की मूळ सायलेन्सर नव्या गास्केटसह परत चढवून गाडी त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये फिरवावी. आवाज गेला तर दोष पाईपचा किंवा त्याच्या जोडाचा. राहिला, तर टॅपेट कव्हर उघडून क्लिअरन्स (टॅपेटमधली फट) मोजावा आणि मग टायमिंग चेन ताणून धरणारा चेन टेन्शनर पाहावा.