राजाचं नाव नसलेलं सोनं

1252 साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराने सोन्याचं नाणं पाडलं, ते फ्लोरिन. त्यावर राजा नव्हता. एका बाजूला शहराचं लिलीचं फूल, दुसऱ्या बाजूला नगररक्षक संत जॉन. कागदोपत्री शहर पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाचं. पण सम्राट दुसरा फ्रेडरिक 1250 मध्ये वारला होता आणि कारभार नागरिकांनी हाती घेतला होता. इटलीतल्याच जेनोव्हा शहराला 1138 मध्ये जर्मन राजा कॉनराडकडून टाकसाळीची सनद मिळाली होती. तिथल्या नाण्यांवर तो वारल्यावरही शतकानुशतकं त्याचंच नाव राहिलं. फ्लॉरेन्सने मात्र कुणाच्या नावाचा आधार घेतला नाही, आणि मला यातली हिंमत फार मोठी वाटते.

मग परक्या बाजारात हे नाणं कुणी का घ्यावं? त्यातल्या सोन्यासाठी. एका फ्लोरेंटाइन पौंडात बरोबर 96 नाणी, म्हणजे एकाचं वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, आणि सोनं 24 कॅरटचं. त्या काळी सोनं शुद्ध करताना त्याचे पातळ पत्रे मीठ आणि विटेच्या भुकटीत रचून, बंद भांड्यात न वितळवता तासन्‌तास तापवत. मिठामुळे चांदीचं क्लोराइड होऊन ते भुकटीत शोषलं जाई. सोनं मागे उरे. टाकसाळीवर दोन अधिकारी, एक कापडव्यापाऱ्यांच्या संघाचा, एक सराफांच्या. मुदत सहा महिन्यांची. चौदाव्या शतकापासून नाण्यावर त्यांची खूण उमटू लागली, त्यामुळे वजन कमी भरलं तर जाब कुणाला विचारायचा ते कळे.

नाणं पाडणं हा सत्तेचा जाहीर उच्चारही होता. 1256 मध्ये पिसाचा पराभव केल्यावर फ्लॉरेन्सच्या सैन्याने शत्रूच्या हद्दीतला पाइन वृक्ष तोडून त्याच्या बुंध्यावर फ्लोरिन पाडले, असं इतिहासकार जोव्हानी व्हिलानी सांगतो.

व्हेनिसने 1284 मध्ये जवळपास याच तोलाचं डुकाट काढलं. व्यापारातून ते आपल्या किनाऱ्यावर पोचलं. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात हीच.

पण फ्लोरिन होता मोठ्या व्यवहारांसाठी. मजुरी मिळे ती हलक्या चांदीच्या नाण्यांत, आणि त्यांत हीण वाढत गेलं. 1252 मध्ये एका फ्लोरिनला 20 सोल्दी पडत (सोल्दी हे चांदीच्या नाण्यांतल्या हिशोबाचं माप). शंभर वर्षांत 60 च्या वर लागू लागले. लोकर विकणारा सोन्यात कमावत होता, विणकराच्या हातातलं नाणं झिजत होतं, आणि टाकसाळीवर विणकरांचा माणूस नव्हता.