जुन्या जॅझ गायकांचा आवाज इतका जवळचा का वाटतो?

बिली हॉलिडे किंवा एला फिट्झजेरल्डची रेकॉर्ड लावली की गाणारी बाई हाताच्या अंतरावर बसली आहे असं वाटतं. याचं श्रेय आपण गळ्याला देतो. पण त्यातलं निदान निम्मं 1925 साली बदललेल्या यंत्राचं आहे.

त्याआधी रेकॉर्डिंग कर्ण्यातून व्हायचं. सगळे एका मोठ्या कर्ण्यापुढे दाटीवाटीने उभे राहत आणि आवाजाच्या जोरावरच सुई मेणात खाच कोरायची. हळू गायलेलं उमटतच नसे. साधारण 250 हर्ट्झच्या खालचं आणि 2500 च्या वरचं फारसं पकडलं जात नसे, म्हणजे खर्जही गेला आणि श्वासाची सळसळही. मोठा ढोल जवळ ठेवला तर सुई उडायची, म्हणून ड्रमवाले बऱ्याचदा लाकडी ठोकळ्यांवर भागवत. बेसी स्मिथच्या 1923 च्या पहिल्या रेकॉर्ड अशाच झाल्या. तिचा दणदणीत आवाज कर्ण्याला पुरून उरला. लाउडस्पीकरशिवाय मागच्या रांगेपर्यंत पद पोचवणाऱ्या आपल्या नटांना हे गणित समजावावं लागलं नसतं.

1925 पासून मायक्रोफोन आणि अँप्लिफायर आले आणि पुटपुटणंही तबकडीवर येऊ लागलं. 1930 च्या दशकात आरसीए कंपनीचा 44 हा रिबन मायक्रोफोन स्टुडिओत आणि रेडिओवर रुजला. त्यात ॲल्युमिनियमची अतिशय पातळ पट्टी असते. गायक जितका जवळ, तितका खर्ज भरीव. आपल्याला जाणवणारी ऊब बरीचशी तिथून येते. पण फार जवळ गेलं तर आवाज घुमतो, ‘प’ आणि ‘ब’ फुटतात आणि जोराच्या फुंकरीने पट्टी ताणून निकामी होऊ शकते. म्हणून तोंड किंचित तिरकं ठेवायचं आणि चढ्या स्वराला मागे सरायचं. मायक्रोफोन हे वाजवायचं वाद्य आहे, हे ज्यांना कळलं ते टिकले.

हॉलिडेने पहिली रेकॉर्ड 1933 मध्ये, अठराव्या वर्षी केली. तिच्या आवाजाची मजल सप्तकाच्या जरा पुढेच. कर्ण्याच्या जमान्यात तिला कोणी उभं केलं असतं असं वाटत नाही. 1935 पासून पियानिस्ट टेडी विल्सनबरोबर केलेल्या तिच्या रेकॉर्ड पाहा. मिनिटाला 78 वेळा फिरणाऱ्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. त्या काळच्या बऱ्याच गाण्यांचा साचा 32 बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट): आठ बारची ओळ, तीच पुन्हा, मग वेगळी आठ, शेवटी पहिली. बारला चार मात्रा धरल्या तर एका फेरीच्या 128 मात्रा होतात. मिनिटाला 128 मात्रांची लय ठेवली तर तीन मिनिटांत तीन फेऱ्या बसतात. त्यातली बहुधा एकच गायिकेची, बाकी वाद्यांच्या. गाणं संपल्यावर अजून हवं होतं असं वाटतं, त्यात या टंचाईचा हात आहे.

त्या एका फेरीत हॉलिडे लयीच्या मागे रेलून गायची: शब्द मात्रेनंतर टाकायचा आणि ओळ संपताना हिशेब चुकता करायचा. हे जमतं ते साथ हलत नाही म्हणूनच. ड्रमवाला गायिकेसाठी थांबला की गाणं लोळलंच. नक्कल करणारे नेमके इथे फसतात. ते उशीर करतात, पण परत येत नाहीत.

पुढचं वळण संपाचं. 1 ऑगस्ट 1942 पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंग बंद केलं. गायक त्या युनियनमध्ये नव्हते, त्यामुळे नुसत्या मानवी आवाजांच्या साथीने त्यांच्या रेकॉर्ड निघत राहिल्या. 1944 च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांशी तडजोड झाली, तोवर लोक बँडच्या नावाऐवजी गायकाचं नाव विचारू लागले होते. 1948 मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. गायक फ्रँक सिनात्राने 1955 मध्ये एकाच रात्रीच्या मूडची सोळा गाणी सलग मांडली (तो जॅझ गायक की नाही, हा वाद चालू द्या). 1956 मध्ये एलाने संगीतकार कोल पोर्टरची 32 गाणी दोन एलपींवर गायली.

या सगळ्यांना ‘निवांत संगीत’ म्हणून एका टोपलीत टाकणं मात्र चूक. हॉलिडेने 1939 मध्ये झुंडीने फासावर लटकवलेल्या काळ्या माणसांवरचं गाणं रेकॉर्ड केलं, तेही कोलंबिया या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने नकार दिल्यावर, कमोडोर या छोट्या कंपनीकडे. 1947 मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर न्यूयॉर्कच्या क्लबांत गाण्याचा परवानाही तिला मिळेना.

मुंबईत हे सूर 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलातल्या लिऑन ॲबी आणि टेडी वेदरफर्ड यांच्या बँडमुळे आले. गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात गेला. ‘अलबेला’त (1951) ते सूर ऐकू येतात. जॅझची हीच गायकी गोव्याची गायिका लोर्नाने कोंकणीत आणली.

आज ऐकताना दोन गोष्टी सांभाळा. 1960 च्या दशकात मोनो (एकाच ध्वनिमार्गाच्या) रेकॉर्ड कृत्रिमरीत्या स्टिरिओ करून विकल्या गेल्या: खर्ज एका बाजूला, तार दुसऱ्या बाजूला, वर प्रतिध्वनी. त्यात गायिका दोन स्पीकरांच्या मधे उभीच राहत नाही. मूळ मोनो प्रत शोधा. आणि 1920 च्या दशकातली तबकडी 74 च्या वेगाने कोरलेली असून 78 ने उतरवली असेल, तर आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. गायिका उगाच घाईत वाटते.