इंग्रजी अध्यापनातील उच्चारवैविध्य

इंग्रजी शिकणाऱ्याची स्वतःची बोलण्याची ढब (ॲक्सेंट) न पुसता त्याला स्पष्ट बोलायला आणि जगभरच्या निरनिराळ्या ढबींतली इंग्रजी ऐकून समजून घ्यायला शिकवण्याची पद्धत. बोलणे आणि ऐकणे ही तिची दोन अंगे आहेत. वर्गात ऐकण्याची हेळसांड जास्त होते.

ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ साली निघाला. त्यात प्रमाण मानलेली बोलण्याची रीत इंग्लंडमधल्या महागड्या निवासी शाळांतली होती. पुढे तिलाच ‘रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन’ (मान्य उच्चार) म्हणू लागले. खुद्द इंग्लंडात मोजकेच लोक असे बोलत, तरी वसाहतींतल्या वर्गांत तोच एकमेव शुद्ध नमुना समजून गिरवला गेला. श्रीनगरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ साली या समजुतीला धक्का दिला. त्यांनी इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली: आतले ब्रिटन-अमेरिकेचे, जिथे ती मातृभाषा आहे; बाहेरचे भारत, नायजेरिया, सिंगापूर यांसारख्या देशांचे, जिथे ती वसाहतकाळात रुजली; आणि विस्तारत जाणारे चीन, जपान, ब्राझील इत्यादींचे, जिथे ती परकी भाषा म्हणून शिकतात. बाहेरच्या वर्तुळातली इंग्रजी ‘चुकलेली’ नसून तिचे स्वतःचे नियम असतात, हा त्यांचा आग्रह होता. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ रँडॉल्फ क्वर्क यांना हे पटले नाही. शिकणाऱ्यांना प्रमाण रूपच द्यावे, असे ते म्हणत. दोघांचा हा वाद १९९०-९१मध्ये चांगलाच रंगला.

मग शिकवायचे काय? ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली, परस्परांना समजण्यासाठी जे उच्चार सांभाळलेच पाहिजेत त्यांचा एक गाभा सुचवला. ‘थ’-‘द’सारखे उच्चार त्यांनी सोडून दिले. म्हणजे ‘थिंक’मधला थ आपण मराठीतल्यासारखा दंत्य काढला तरी बिघडत नाही. मात्र शब्दारंभीच्या प, ट, क यांच्यासोबत सुटणारा श्वास त्यांनी राखला. मराठी माणसाची अडचण नेमकी इथे होते. ‘पळ’ आणि ‘फळ’ हे आपल्याकडे वेगळे शब्द, म्हणून आपली जीभ ‘पिन’मधला प कोरडा ठेवते आणि इंग्रजाच्या कानाला ‘बिन’ ऐकू येते. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘पिन’ म्हटले आणि पट्टी हलली नाही, की चूक विद्यार्थ्यालाच दिसते. स्वरांच्या लांबीचेही तसेच. ऱ्हस्व-दीर्घ आपण शुद्धलेखनात घोकतो, बोलताना फारसे पाळत नाही, आणि ‘शिप’ (जहाज) व ‘शीप’ (मेंढी) एकच होऊन बसतात. ‘व’ आणि ‘ए’ची तर गंमतच आहे. पश्चिम दिशा, अंगातले बनियन आणि कचरा, तिन्ही देवनागरीत ‘वेस्ट’! उलट ‘बॅट’ आणि ‘बॉल’मधल्या स्वरांसाठी मराठीने लिपीत खास चिन्हे घेतली, त्यामुळे ते आपल्याला जड जात नाहीत.

शब्दावरचा आघात जेनकिन्स यांनी गाभ्याबाहेर ठेवला. हे भारतीय अनुभवाशी जुळत नाही. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी १९६९ साली भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चुकीच्या जागी पडणारा आघात हे न समजण्याचे एक मोठे कारण निघाले. आपण ‘डेव्हलप’ म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर देतो, इंग्रज दुसऱ्यावर देतो. या मुद्द्यावर बन्सल यांचे ऐकावे.

ढब जड असणे आणि बोलणे न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कॅनडातले संशोधक मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली दाखवले. ऐकणाऱ्यांनी ज्यांची ढब परकी ठरवली, त्यांचे शब्दही त्यांना पुष्कळदा बिनचूक लिहून घेता आले. कोणाला भाषा किती येते हे ठरवण्याच्या युरोपीय परिषदेच्या भाषा-चौकटीतली (सीईएफआर) उच्चाराची मोजपट्टीही २०१८ साली सुबोधतेच्या अंगाने नव्याने लिहिली गेली.

महाराष्ट्रात २०००पासून पहिलीलाच इंग्रजी आहे, पण अनेक मुलांच्या कानावर पडते ती एकट्या बाईंची किंवा सरांची इंग्रजी. त्यावर उपाय फार खर्चिक नाही. स्कॉटलंड, नायजेरिया, सिंगापूर इथल्या माणसांच्या मिनिटभराच्या ध्वनिफिती लावायच्या, ऐकले तसे लिहून घ्यायचे, अडलेला शब्द कोणत्या ध्वनीमुळे अडला ते शोधायचे. ‘जरा पुन्हा सांगता का?’ हे इंग्रजीत सहज विचारण्याचा सरावही त्यातच येतो.

ढबीविषयीच्या पूर्वग्रहाची तपासणी वरच्या वर्गांत करता येते. अमेरिकेत संशोधक डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली विद्यार्थ्यांना एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले, फक्त समोरचा फोटो बदलला. काहींना गोऱ्या स्त्रीचा दाखवला, काहींना आशियाई स्त्रीचा. आवाज तोच होता, तरी आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना व्याख्यान कमी समजले. शिक्षकाला हाच प्रयोग उलटा करता येतो: आधी फीत ऐकवायची, बोलणारी व्यक्ती कुठली असेल याचा अंदाज वहीत लिहायला सांगायचा आणि मगच देश सांगायचा.