फूऑर की एक्सॉर? तरुण ताऱ्याची उसळी ओळखताना

एफयू ओरायनिस आणि ईएक्स ल्यूपी. दोन्ही तारे सूर्याहून हलके, अजून बाल्यावस्थेतले, भोवती वायू-धुळीची चकती बाळगणारे. दोघांनीही पाच-सहा प्रतींची उसळी मारलेली. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. आकडा लहान तितका तारा तेजस्वी, आणि पाच प्रती म्हणजे तेज शंभरपट. पहिल्याच्या नावावरून ‘फूऑर’ हा वर्ग पडला, दुसऱ्याच्या नावावरून ‘एक्सॉर’. एखादा नवा तारा उजळला की पहिले काही आठवडे कोणता शिक्का मारायचा यावर हमखास घोळ होतो, कारण चढता प्रकाशवक्र, म्हणजे काळानुसार तेजाचा आलेख, दोघांचा सारखाच दिसू शकतो.

फरक कळतो तो उतारावर. एफयू ओरायनिस १९३६-३७ साली सोळाव्या प्रतीवरून दहाव्या प्रतीपर्यंत चढला, तो आजही दहाव्याच्या आसपासच रेंगाळतोय. ईएक्स ल्यूपी एरवी तेराव्या प्रतीचा. १९५५-५६ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये तो आठव्या प्रतीपर्यंत गेला आणि वर्षभराच्या आत मूळ पदावर आला. मधल्या काळात, आणि २०२२ मध्येही, त्याने लहानमोठ्या उड्या मारल्या आहेत. थोडक्यात, एक्सॉरला तापाची सवय आहे. फूऑरचा ताप चढला की निदान काही दशकं उतरत नाही. पण सगळेच फूऑर झपाट्याने चढतात असं मात्र नाही. हंस तारकासमूहातल्या व्ही१५१५ सिग्नीला चढायलाच दशकं लागली.

दोघांचंही इंधन एकच: चकतीतला माल ताऱ्यावर पडतो. प्रश्न आहे तो मापाचा. साध्या टी टॉरी ताऱ्यावर, म्हणजे उसळी न मारणाऱ्या सूर्यासारख्या तरुण ताऱ्यावर, वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण दहा कोटीवा भाग पडतो, म्हणजे पाव चंद्र. २००८ च्या उसळीत ईएक्स ल्यूपीवर पडण्याचा वेग वर्षाला सुमारे पन्नास लाखाव्या भागापर्यंत गेला होता. तोच वेग सात महिने टिकला असं धरलं, तरी हिशेब तीनएक चंद्रांवर थांबतो. फूऑरचा वेग लाखाव्या ते दहा हजाराव्या भागाइतका. वरच्या टोकाचा वेग शंभर वर्षं टिकला तर ताऱ्याच्या पोटात दहा गुरू जातील!

खरी गंमत वर्णपटात आहे. एक्सॉरमध्ये ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र चकतीला थोडं लांबच रोखून धरतं. वायू क्षेत्ररेषांवरून नळीतून ओतल्यासारखा खाली येतो, पृष्ठभागावर आदळतो आणि तिथे तापलेले डाग पडतात. म्हणून उसळीत वर्णपट उत्सर्जनरेषांनी, म्हणजे उजळ रेषांनी, भरून जातो, आणि २.३ मायक्रॉन तरंगलांबीवरचे (अवरक्तातले) कार्बन मोनॉक्साइडचे पट्टेही उजळ दिसतात. फूऑरमध्ये मालाचा लोंढाच एवढा असतो की तो हे चुंबकीय कुंपण दाबून टाकतो आणि चकती जवळजवळ ताऱ्याला भिडते. ती आतून तापते, ताऱ्यापेक्षा कितीतरी जास्त झळाळते, आणि आपल्याला दिसते ती चकतीच. तारा तिच्या झगमगाटात हरवतो. वरचा थर आतल्या भागापेक्षा थंड असल्याने रेषा शोषणाच्या, म्हणजे काळ्या, पडतात, आणि कार्बन मोनॉक्साइडचे तेच पट्टे इथे काळे दिसतात.

फूऑरची आणखी एक खूण अवश्य तपासावी. दृश्य प्रकाशात त्याचा वर्णपट एफ किंवा जी वर्गाच्या महाताऱ्यासारखा दिसतो, अवरक्तात तोच त्याहून थंड अशा के किंवा एम वर्गाचा वाटतो. एकाच वस्तूचे दोन वर्ग कसे? दृश्य प्रकाश चकतीच्या आतल्या, तापलेल्या भागातून येतो, अवरक्त प्रकाश बाहेरच्या थंड भागातून. बाहेरचा भाग सावकाश फिरतो, म्हणून अवरक्तातल्या रेषा अरुंदही असतात. एकट्या ताऱ्याला हे जमणार नाही.

अवरक्त वर्णपटमापक हाताशी नसेल तर ६५६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीवरची हायड्रोजनची लाल रेषा बघावी. फूऑरमध्ये तिच्या निळ्या बाजूला रुंद शोषण असतं, ते चकतीवरून सुटलेल्या जोरदार वाऱ्याचं. ६७०७ वर लिथियमची शोषणरेषा मिळाली तर तारा तरुण असल्याची खात्री पटते आणि नोव्हाची, म्हणजे जुन्या ताऱ्यावरच्या स्फोटाची, शंका मिटते.

सर्वात जास्त फसवते ती धूळ. समोरचा धुळीचा पडदा सरकला तरी तारा उजळतो, चकतीत काहीच घडलेलं नसताना. व्ही२४९२ सिग्नी २०१० मध्ये उजळला तेव्हा ही शंका आलीच, आणि पुढे त्याच्या चढउतारांत धुळीचा मोठा वाटा निघाला. इथे नुसतं ‘निळा झाला’ एवढ्यावर जाऊ नये. दोन्ही कारणांनी तारा निळसर होतो. जे, एच, के या तीन अवरक्त पट्ट्यांतल्या प्रतींच्या फरकांवरून निघणारे रंग आलेखावर मांडावेत. ताऱ्याचा बिंदू धुळीच्या लालीच्या रेषेवरूनच (धूळ कमी-जास्त झाली की रंग जिच्यावरून बदलतात ती रेषा) सरकला तर पडद्यावर संशय घ्यावा. ४.६ मायक्रॉनवरही तारा ठळक उजळला असेल तर माल खरोखर पडतोय असं धरायला हरकत नाही. २०२४ पर्यंतची अशी मोजमापं निओवाइज या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या नोंदींत मिळतात.

दोन्ही खणांत न बसणारेही आहेत. व्ही१६४७ ओरायनिस २००४ मध्ये गाजला, जे मॅकनील या हौशी निरीक्षकाला तीन इंची दुर्बिणीतून त्याच्याभोवती नवाच तेजोमेघ दिसला म्हणून. दोनएक वर्षांत तो विझला, २००८ मध्ये पुन्हा पेटला आणि या वेळी वर्षानुवर्षं तसाच राहिला. पुनरावृत्ती एक्सॉरची, चिकाटी फूऑरची. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) खगोलशास्त्रज्ञांनी लडाखमधल्या हान्ले आणि जुन्नरजवळच्या गिरवली इथल्या दोन मीटरच्या दुर्बिणींतून मार्च २०१३ पर्यंत त्याचा पाठपुरावा केला. अशा ताऱ्याची प्रत मोजताना आकाशाचं वलय, म्हणजे पार्श्वभूमीचा उजेड मोजायला ताऱ्याभोवती घेतलेलं वलय, तेजोमेघावर पडू देऊ नये. मेघाचा उजेड वजा होतो आणि तारा उगाच मंद निघतो.

एफयू ओरायनिस शोधणं सोपं आहे. मृगातला काक्षी आणि मृगाच्या डोक्याजवळचा लॅम्डा यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्याजवळ, किंचित उत्तरेला. काळोख्या गावातून चार-सहा इंची दुर्बीण पुरते. ईएक्स ल्यूपी मात्र पुण्याहून दक्षिणेला जेमतेम ३१ अंश वर येतो. शांत असताना कॅमेऱ्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. तुलनेचे तारे त्याच्याच उंचीवरचे घ्यावेत, नाहीतर वातावरणाच्या फरकाने दशांश प्रतींची चूक सहज होते.