काळ्या मनुकांच्या बियांतून ब्लॅक करंट उगवत नाही

"दुकानातले काळे मनुके म्हणजेच ब्लॅक करंट, बिया कुंडीत लावा, बाल्कनीत झुडूप तयार", हा फॉरवर्ड आमच्या ठाण्याच्या सोसायटी ग्रुपवर दर पावसाळ्यात येतोच. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण बऱ्याच दुकानांत मनुकांच्या पाकिटावरच करंट लिहिलेलं असतं.

पण काळे मनुके म्हणजे सुकवलेली द्राक्षं, आणि ब्लॅक करंट हे झुडपावर येणारं वेगळंच लहान काळं फळ. घरीच बघा ना, बियावाला एक मनुका रात्री भिजत घाला आणि सकाळी चिरा, आत दोन-तीन टणक, मोठ्या बिया निघतील, ब्लॅक करंटमध्ये मात्र पुष्कळ बारीक बिया असतात आणि फळाच्या टोकाला सुकलेल्या फुलाचा शेंडा चिकटलेला असतो. मनुकाची बी रुजलीच (क्वचित रुजते) तर येतो द्राक्षाचा वेल, तणाव्यांनी ग्रिलला धरणारा. ब्लॅक करंटला तणावे नसतातच.

बरं, खरं रोप मिळालं तरी ते थंड प्रदेशातलं झुडूप, हिवाळ्यात शेकडो तास साधारण ७ अंशांखालची थंडी मिळाली तरच नीट फुलतं. आपल्याकडे जानेवारीतही पंखा लागतो! कुंडीत आंबटगोड काळं फळ हवंच असेल तर तुती लावा, छाटली की परत फुटते, किंवा ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात मिळतात ती करवंदं.