ग्राइंडरचं कव्हर पोत्यावर

दारव्ह्याकडच्या एका गावात घरकुलाचं काम सुरू होतं. मिस्त्री उकिडवा बसून सळाख कापत होता. पायात स्लिपर, गळ्यात दुपट्टा आणि ग्राइंडरचं कव्हर बाजूला सिमेंटच्या पोत्यावर. विचारलं तर म्हणाला, "कव्हर लावलं का काप दिसत नाही ना भाऊ."

तक्रार खोटी नाही. पण थोडा हिशेब करू. चार इंची ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, म्हणजे चकतीची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळते. समृद्धी महामार्गावर कारला मर्यादा आहे १२० ची! या वेगात कडेवरचा एक ग्रॅमचा कण जागेवर धरून ठेवायला पावणेसात किलो उचलण्याइतका जोर लागतो. तो जोर सोसते कण चिकटवणारी राळ आणि आतली काचतंतूची जाळी. चकती भिजली, आपटली की ही पकड ढिली होते, आणि बारीक तडा डोळ्याला दिसत नाही. तुकडा सुटलाच, तर त्याच्या आणि आपल्या मध्ये कव्हर असतं.

काही जण तर मोठं पातं बसावं म्हणूनच कव्हर काढतात. याच मशीनवर सात इंची चकती चढवली की कडेचा वेग ताशी ३७० च्या आसपास जातो. चकत्या मात्र सहसा ताशी २८८ पर्यंतचाच वेग सोसतील अशा बनवलेल्या असतात. लाकडाचं दातेरी पातं लावणं मला त्याहून भयंकर वाटतं. दात लाकडात रुततो आणि मशीन हातातून उसळतं.

सळाखही असाच झटका देते. दोन विटांवर टेकवून मधोमध कापली की दोन्ही तुकडे खाली झुकतात, काप वरून मिटतो, चकती चिमटीत सापडते. म्हणून कापायचं टोक विटेच्या बाहेर अधांतरी ठेवावं. ते आपोआप गळून पडतं.

राहिला दुपट्टा. तो फिरत्या भागात अडकला, तर हात स्विचकडे जायला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात चाळीसच्या वर फेरे झालेले असतात.

कव्हर फिरवता येतं, हे मात्र मिस्त्रीला कुणी सांगितलंच नव्हतं. प्लग काढून त्यानं ते परत बसवलं, स्वतःच्या बाजूला आड राहील इतपत वळवलं, स्क्रू आवळला. काप दिसू लागला. ठिणग्या आता माझ्या चपलांवर येत होत्या.