मुळांची खोली आणि तृणधान्यांची अवर्षणसहनशीलता

मुळांची खोली : पिकाचे मूळ जमिनीत किती खाली पोचते आणि तिथली ओल प्रत्यक्षात किती उचलते, याचा विचार या संज्ञेत होतो. पाऊस गेल्यावर ज्वारी, गहू, भात यांसारखी पिके किती दिवस तग धरतील, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. पण खोल मुळाचा उपयोग खाली ओल असेल तरच. ही अट बेळगावच्या सीमाभागात फार ठळकपणे दिसते. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे पावसाचे मोजमाप हजारो मिलिमीटरमध्ये. तर दीडशे किलोमीटरच्या आत अथणीकडे वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. एकाच जिल्ह्यात कणकुंबीकडच्या खानापूरचा भात आणि अथणीचा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी.

तृणधान्यांना सोटमूळ नसते. बी रुजताना बीजमुळे निघतात (ज्वारीला एकच, गव्हाला तीन ते सहा), मग बुडख्याच्या पेरांतून मुळांचा झुपका फुटतो. ज्वारीची मुळे चांगल्या जमिनीत दीड ते दोन मीटर जातात, गव्हाची मीटरभर किंवा अधिक; भाताची बहुतेक मुळे मात्र वरच्या फूटभरातच राहतात. शेतात हे डोळ्यांना दिसत नाही. शाळू काढल्यावर धसकट उपटले की हाताला येतो तो वीतभर झुपका आणि त्याला चिकटलेले ढेकूळ. खोल गेलेली मुळे दोऱ्याएवढी बारीक असतात, ती तुटून मातीतच राहतात. धसकट बघून मुळाचा अंदाज बांधणारा माणूस म्हणूनच फसतो. विहिरीचा किंवा चराचा ताजा कापलेला काठ पाहावा. तिथे काळ्या मातीच्या भेगेला धरून उतरलेले पांढरट धागे कमरेच्या खालपर्यंत सापडतात.

शाळू (कन्नडमध्ये हिंगारी जोळ, जुनी माणसे नुसते जोंधळा म्हणतात) उत्तरा-हस्ताच्या (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या) पावसावर पेरतात आणि पुढे त्याला बहुधा पाऊस मिळत नाही. पीक येते ते साठलेल्या ओलीवर. मीटरभर काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते. वरचा थर वाळत खाली येतो, तसे मूळही दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटरने खाली सरकते. ही एक शर्यतच असते. फुलोऱ्याच्या सुमारास मुळाची वाढ जवळजवळ थांबते आणि दाणा भरायचे काम तोवर गाठलेल्या ओलीवर चालते. या वेळचे पाणी थोडे असले तरी मोलाचे असते : ऑस्ट्रेलियात गव्हावर केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, फुलोऱ्यानंतर खालच्या थरातून जास्तीच्या उचललेल्या दर मिलिमीटर पाण्यामागे हेक्टरी सुमारे ५९ किलो धान्य वाढले. हे पाणी मिळाले नाही तर ज्वारीचे ताट खोडातली साखर दाण्याकडे ओढते, खोड कमजोर होते, खडखड्या या खोड सडवणाऱ्या रोगाची बुरशी शिरते आणि उभे पीक लोळते.

मोहोळ येथे स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ अजून टिकून आहे ती भाकरीच्या चवीइतकीच कडब्यामुळे आणि या तग धरण्यामुळे. पण तीच मालदांडी हातभर मातीखाली मुरूम लागणाऱ्या माळावर पेरली, तर मूळ मुरमावर येऊन अडते. तिथे वाणाला दोष देण्यात अर्थ नाही. काळ्या रानातही भेगा रुंदावल्या की बारीक मुळे तुटतात आणि भेगेच्या बाजूने ओल उडते. कोळपणीने भेगा बुजतात. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ म्हणतात ते यासाठी. कृष्णाकाठी ऊस-पाण्याने चोपण झालेल्या, म्हणजे क्षार साठून बिघडलेल्या जमिनीत खाली पाणी असते, पण मूळ तिथे जगत नाही. ही अडचण दुष्काळाची नव्हे, तरी परिणाम तोच.

भाताचे गणित वेगळे. त्याच्या मुळात हवेच्या पोकळ्या असतात, त्या साचलेल्या पाण्यासाठी. चिखलणीने तळाशी घट्ट थर बसतो आणि मूळ वरच थांबते. म्हणून एरवी पाण्यात डुंबणाऱ्या शिवारात श्रावणात पंधरा दिवस उघडीप पडली की पाने सुरळी होतात. धूळवाफेवर, म्हणजे चिखलणी न करता कोरड्या मातीत, कुरीने (पाभरीने) पेरलेल्या भाताला हा थर आडवा येत नाही. मुळाच्या दिशेचा प्रश्न वेगळा. जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ साली डीआरओ-१ या जनुकाचे काम उलगडले : ते मुळाचा कोन ठरवते. फिलिपाइन्सच्या किनान्डांग पटोंग वाणातले हे जनुक उथळ मुळांच्या आयआर-६४ या भाताच्या वाणामध्ये आणल्यावर मुळे अधिक उभी गेली आणि अवर्षणात उत्पन्न टिकले.

खोलीच सर्वस्व, असे मानणाऱ्यांना अडचणीचे एक उदाहरण गव्हाचे आहे. ऑस्ट्रेलियातील रिचर्ड्स आणि पॅसिऊरा यांनी मूळ लांब करण्याऐवजी बीजमुळातली पाणी वाहणारी नळी अरुंद असलेले गहू निवडले. पीक पाणी जपून वापरू लागले, दाणा भरताना ओल शिल्लक राहिली आणि कोरड्या ठिकाणी उत्पन्न ३ ते ११ टक्के वाढले (१९८९). बऱ्या पावसात त्याचा तोटाही झाला नाही, कारण वरची माती ओली असली की बुडख्याची मुळे फुटून गरज भागवतात.